अपडेट अडले तर फॉरमॅटची घाई नको

घरातला संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलीचा सीईटीचा अर्ज, धाकट्याची शिष्यवृत्ती, अब्बूंचा हजचा फॉर्म, अम्मीच्या शिवणकामाचा हिशेब, निकाहाचे फोटो आणि बारशाचे व्हिडिओ असे सगळे एकाच डब्यात भरलेले असते. त्या डब्याकडे आपले लक्ष जाते ते एकदम तो अडला की. सकाळी कुणीतरी बटण दाबते आणि पडद्यावर ओळ येते की अपडेट पूर्ण करता आले नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका. गोल फिरत राहतो. घरात धावपळ सुरू होते आणि दहा मिनिटांनी कुणीतरी वायरच खेचून काढते.

पहिली गोष्ट हीच सांगायची आहे की वायर खेचू नका. ही ओळ दिसते तेव्हा संगणक बिघडलेला नसतो. नवे बसले नाही म्हणून तो जुने जागेवर ठेवत असतो. शिंप्याने बाही उसवली आणि नवी जमली नाही, तर तो जुनीच पुन्हा टाके घालून बसवतो, तसे. त्याच्या हातातून कापड मध्येच ओढले तर मात्र ना जुनी बाही राहते ना नवी. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर या कामाला तास-दोन तासही लागू शकतात. डब्यावरचा बारीक दिवा लुकलुकत असेल तोवर काम चालू आहे असे समजावे. आमच्याकडे वीज जाते हे खरे, म्हणून डेस्कटॉपला लहानसा यूपीएस असलेला बरा. तो नसेल तर निदान ज्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार आहे त्या दिवशी अपडेटला हात लावू नये. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसावे.

कशासाठी हा सगळा खटाटोप

अनेक घरांत आम्ही ऐकतो, "चालू आहे ना? मग कशाला छेडायचे?" याचे उत्तर २०१७ सालाने दिलेले आहे. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भोक बुजवणारे अपडेट दिले. ज्यांनी ते बसवले ते बसवले, बाकीचे राहिले. जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून आत शिरला. दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांतल्या रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची झळ लागली. दार बंद करायची कडी दोन महिने आधी घरपोच आली होती, ती लावायची तेवढी राहिली होती.

ही कडी दर महिन्याला येते. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी दहा वाजता मायक्रोसॉफ्ट अपडेट सोडते. आपल्याकडे तोवर रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात, म्हणून आपल्याला ते बुधवारी सकाळी दिसते. २००३ पासून हा शिरस्ता चालू आहे. बुधवारी मुलाची ऑनलाइन परीक्षा असेल तर मंगळवारी रात्रीच 'पॉज अपडेट्स' हे बटण दाबून ठेवावे. आठवडाभर थांबण्याची सोय त्यात आहे आणि तिचा उपयोग करण्यात काही गैर नाही.

आधी अलमारी रिकामी करा

दुरुस्ती सुरू करण्याआधी एक काम असे आहे की ते केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. कागदपत्रे, फोटो, डेस्कटॉपवर पसरलेल्या फायली हे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. उतरवले म्हणजे एकदा उघडून पाहा. ही उगाच भीती नव्हे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट आले, तेव्हा काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फायलीच नाहीशा झाल्या. कंपनीला चार दिवसांत ते अपडेट थांबवावे लागले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा द्यावे लागले. ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती ते हळहळले आणि कामाला लागले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यासाठी नोव्हेंबरातली दुरुस्ती कोणत्या कामाची?

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांनी आणि मदरशांच्या कार्यालयांनी इथे एक गोष्ट जास्तीची लक्षात ठेवावी. तुमच्या वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, दावतनामे, जलशांची पत्रके इनपेजमध्ये असतात. नुसत्या फायली उतरवून भागत नाही, कारण त्या उघडायला इनपेजच लागते. त्याची मूळ सीडी किंवा सेटअपची फाइल आणि विकत घेतल्याची पावती कुठे आहे ते आजच पाहून ठेवा. मराठीसाठी वापरत असलेले जुने फॉन्टसुद्धा वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा. उर्दू मजकूर इनपेजमधून युनिकोडमध्ये आणून ठेवता आला तर सर्वांत उत्तम. मग तो कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर उघडतो.

गेल्या काही वर्षांतला लॅपटॉप असेल तर आणखी एक तपासणी करा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असते, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने. अपडेटनंतर कधीकधी निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची किल्ली मागतो. बहुतेक घरांत कुणाला ठाऊकच नसते की अशी किल्ली आहे. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात ती सापडते. अडचण अशी होते की ते खाते दुकानदाराने घाईत आपल्याच ईमेलवर उघडून दिलेले असते! म्हणून लॅपटॉप चांगला चालत असतानाच ही किल्ली काढून घ्या आणि जिथे आधार कार्डाच्या झेरॉक्सा ठेवता त्या फाइलमध्ये कागदावर लिहून ठेवा. किल्ली नसेल तर दुनियेतला कोणताही कारागीर ते कुलूप उघडू शकत नाही.

कारण शोधणे

आता अपडेट का अडले ते पाहू. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' आणि त्यात 'अपडेट हिस्ट्री' उघडा. जे बसले नाही त्याच्यासमोर 'फेल्ड' असे लिहिलेले असते. तिथे दोन गोष्टी मिळतात. एक, केबीने सुरू होणारा अपडेटचा क्रमांक. दुसरा, शून्य आणि एक्सने सुरू होणारा चुकीचा क्रमांक. दोन्ही वहीत उतरवा. डॉक्टरकडे जाताना ताप किती होता हे लिहून नेतो, तसा हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा निघणारे कारण अगदी साधे असते. जागाच नसते. ०एक्स८००७००७० हा क्रमांक तेच सांगतो, डिस्क भरली. घरातल्या पाच मोबाइलांमधले व्हॉट्सॲपचे व्हिडिओ संगणकावर ओतलेले असतात आणि सी ड्राइव्हमध्ये दोन-तीन जीबी उरलेले असतात. मोठ्या अपडेटला वीसेक जीबी मोकळे असलेले चांगले. सेटिंग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये 'स्टोरेज' आणि त्यात 'टेम्पररी फाइल्स' उघडली की काय काढता येईल याची यादी येते. पण सांभाळून. त्या यादीत 'डाउनलोड्स' ही ओळही असते, आणि आपल्याकडे मुलांचे दाखले, हॉल तिकिटे, जातपडताळणीचे कागद बहुधा तिथेच पडलेले असतात. त्या ओळीवर खूण करू नका. मागच्या मोठ्या अपडेटनंतर राहिलेले जुने विंडोज बरीच जागा अडवून बसते. ते मात्र काढायला हरकत नाही, फक्त मागे जाण्याची सोय त्यानंतर राहत नाही.

दुसरे कारण ऐकून लोक हसतात. घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या आत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, तिच्यावर सीआर२०३२ असे कोरलेले असते. ती संपली की वीज बंद होताच संगणक तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर स्वतःला दहा वर्षे मागे समजतो. अपडेट ज्या ठिकाणाहून येते तिथले ओळखपत्र संगणक तपासतो. त्यावरची तारीख त्याला भविष्यातली वाटते आणि तो दारातूनच परत पाठवतो. म्हणून कोपऱ्यातली तारीख आधी पाहा. टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असे लिहिलेली ओळ निवडलेली असली पाहिजे. तारीख वारंवार मागे जात असेल तर ती बॅटरी बदलून घ्या, घड्याळवाल्याकडेही मिळते. नमाजच्या वेळा दाखवणारा प्रोग्राम संगणकावर असेल तर बॅटरी गेल्याचे सर्वांत आधी तोच सांगतो. भर दुपारी तो फजर दाखवू लागतो.

तिसरे कारण आपल्या वापराच्या सवयीतले आहे. मुलगा शाळेतून येतो, अर्धा तास संगणक लावतो, होमवर्कची प्रिंट काढतो आणि बंद करतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये स्वतःच सांगितले की अपडेट आल्यानंतर संगणक एकूण सहा तास, आणि त्यातले दोन तास सलग, इंटरनेटला जोडलेला राहिला तर ते नीट बसते. तेवढा वेळच मिळाला नाही तर अपडेट दर वेळी थोडे उतरते आणि अर्ध्यात राहते. महिन्यातून एका रात्री, इशानंतर, संगणक जोडून तसाच राहू द्यावा. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेत असाल तर अजून एक पाहा. ते कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदलेले असेल तर विंडोज तुमचा डेटा वाचवण्यासाठी बरीचशी अपडेट उतरवतच नाही. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्या घरात ती नोंद कायमची काढण्यापेक्षा, ज्यांच्याकडे वायफाय आहे त्या शेजाऱ्यांकडे लॅपटॉप महिन्यातून एकदा नेणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते.

आणि हो, 'शटडाऊन' आणि 'रिस्टार्ट' एकच नव्हेत. विंडोज ८ पासून लवकर सुरू व्हावे म्हणून शटडाऊन करताना संगणक आपल्या आतला काही भाग झोपवून ठेवतो, पूर्ण बंद करत नाही. अपडेटला खरी रिस्टार्टच लागते. कितीतरी अडलेली अपडेट दोनदा रिस्टार्ट केल्यावर बसतात, म्हणून दुकानात जाण्याआधी हे कराच. पेनड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर जे जोडलेले असेल ते तेवढ्यापुरते काढून ठेवा. मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस तसाच पडलेला असेल तर तोही काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे.

खालांच्या घरचा संगणक

आमच्या ओळखीच्या एका बेवा खालांच्या घरी असाच एक डेस्कटॉप होता. तीन महिने एकही अपडेट बसले नव्हते आणि आता तो सुरू व्हायलाच वीस मिनिटे घेत होता. मुलगी बारावी झालेली. अभियांत्रिकी प्रवेशाचे पसंतीक्रम भरायला चार दिवस उरलेले. दुकानातल्या मुलाने पाहून सांगितले, "फॉरमॅट करना पडेगा, डेटा जाएगा." खालांनी संगणक तसाच रिक्षात घालून परत आणला. मुलगी चिडली होती. तिला अर्ज भरायचा होता आणि आई डबा दुकानात ठेवायला तयार नव्हती.

कारण विचारल्यावर खाला म्हणाल्या, "इसमें तुम्हारे खालू की आवाज है. बस वो मत जाने देना."

मरहूम खालूजान हाफिज होते. मोहल्ल्यातल्या मुलांना सबक देताना त्यांनी काही पारे मायक्रोफोन लावून रेकॉर्ड केले होते, मुलांना घरी ऐकता यावेत म्हणून. कुठे दुसरी प्रत नव्हती. फायलींची नावेसुद्धा नव्हती, नुसते आकडे. मुलीला यातले काही माहीत नव्हते, ती तेव्हा फार लहान होती.

आधी त्या फायली शोधल्या. त्यालाच दोन तास गेले. पेनड्राइव्हवर एक प्रत, शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर दुसरी, आणि प्रत्येक फाइल थोडी थोडी ऐकून पाहिली. त्या वेळी खोलीत कुणी काही बोलले नाही. मग संगणकाकडे वळलो. सी ड्राइव्हमध्ये तीन जीबी उरले होते आणि तारीख होती कितीतरी वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीची. बॅटरी बदलली, जागा केली, अर्धवट उतरलेले अपडेट पुसून नव्याने मागवले. पहाटे फजरला उठून मुलीने पाहिले तेव्हा ते बसलेले होते. अर्ज तिसऱ्या दिवशी भरला गेला. फॉरमॅटची गरज कुठेच नव्हती.

दुकानातल्या त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. फॉरमॅट तासाभरात होतो आणि त्यात डोके लागत नाही. कारण शोधायला रात्र जाते आणि त्या रात्रीचे पैसे त्याला कुणी देत नाही.

थोडे आत जाऊन

साध्या उपायांनी भागले नाही तर पुढची पायरी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ट्रबलशूट, अदर ट्रबलशूटर्स असे जात विंडोज अपडेटसमोरचे 'रन' दाबा. विंडोज १० मध्ये हेच 'अपडेट अँड सिक्युरिटी'च्या आत आहे. हा यंत्राचा स्वतःचा हकीम आहे. फार मोठे आजार त्याला कळत नाहीत, पण बंद पडलेली सेवा चालू करणे एवढे तो करतो.

अर्धवट उतरलेले अपडेट पुसणे हे घरी करता येण्याजोगे काम आहे. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा आणि उघडा. लांबलचक यादीत 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन ओळी शोधून त्या प्रत्येकीवर उजवे क्लिक करून 'स्टॉप' म्हणा. मग सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात 'सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन' आणि त्यात 'डाउनलोड' नावाचे फोल्डर. त्याच्या पोटातले सगळे पुसा. हे वर सांगितलेले तुमचे डाउनलोड्स नव्हे, हे विंडोजचे स्वतःचे गोदाम आहे. यात तुमचे काहीही नसते. झाले की त्याच दोन सेवा 'स्टार्ट' करा, संगणक रिस्टार्ट करा आणि अपडेट पुन्हा तपासायला सांगा. सडलेला माल बाहेर टाकला की नवा नीट भरता येतो, इतकेच यात आहे.

तरीही नाही, तर विंडोजच्या आपल्याच फायली खराब झालेल्या असू शकतात. ०एक्स८००एफ०८१एफ असा क्रमांक येत असेल तर बहुधा हेच आहे. यासाठी 'कमांड प्रॉम्प्ट'वर उजवे क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे लागते. काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत डीआयएसएम ही चार अक्षरे, एक जागा सोडून स्लॅश आणि ऑनलाइन, पुन्हा जागा सोडून स्लॅश आणि क्लीनअप-इमेज (मध्ये आडवी रेघ), पुन्हा जागा सोडून स्लॅश आणि रिस्टोअरहेल्थ, हा शेवटचा शब्द जोडून. एंटर. टक्केवारी पुढे सरकते आणि मध्येच एका आकड्यावर बराच वेळ थांबते. घाबरू नका, चहा घ्या. हे झाल्यावर दुसरी आज्ञा: एसएफसी, जागा, स्लॅश आणि स्कॅननाऊ जोडून. क्रम हाच ठेवा. पहिली आज्ञा कोठारातला माल चांगला करते आणि दुसरी त्या कोठारातून खराब फाइल बदलते. कोठारच खराब असेल तर दुसरी एकटी काय बदलणार?

ज्यांना काळ्या खिडकीची भीती वाटते त्यांच्यासाठी अद्ययावत असलेल्या विंडोज ११ मध्ये सोपी वाट आहे. सेटिंग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये 'रिकव्हरी' उघडा. तिथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' या ओळीसमोर 'रीइन्स्टॉल नाऊ' असे बटण असते. ते विंडोज नव्याने बसवते आणि तुमच्या फायली, प्रोग्राम, सेटिंग्ज जागेवर ठेवते. त्याच पानावर 'रिसेट धिस पीसी' हेही बटण असते. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडले तरी फक्त फायली राहतात, प्रोग्राम जातात. म्हणजे इनपेज गेले, टॅली गेले, प्रिंटरचे सॉफ्टवेअरही गेले. दोन्ही बटणे शेजारी आहेत, म्हणून हा फरक नीट वाचून मगच बोट टेकवा.

अपडेटनंतर संगणक सुरूच होत नसेल, पुन्हा पुन्हा अर्ध्यात अडकत असेल, तर सुरू होताना दोन-तीन वेळा पॉवरचे बटण दाबून बंद केल्यावर निळ्या पडद्याचा दुरुस्तीकक्ष आपोआप उघडतो. वायर ओढण्याला वर केलेली मनाई इथे लागू नाही, कारण इथे काही काम चाललेलेच नसते. त्यात 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. सर्वांत शेवटचे अपडेट काढले की बहुतेक वेळा संगणक पुन्हा उभा राहतो.

कधीकधी दोष आपला नसतो

जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे अपडेट आले आणि जगभर असंख्य घरांत ते अडले. क्रमांक दिसायचा ०एक्स८००७०६४३, म्हणजे नुसते 'बसवता आले नाही'. लोकांनी वरचे सगळे उपाय केले, काहींनी फॉरमॅटही केले. खरे कारण निघाले ते असे की डिस्कवर दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला जो लपलेला भाग असतो, त्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि जुन्या संगणकांत ती नव्हती. जागा कमी आहे असे सांगणारा क्रमांक दिसायला हवा होता. तो चुकीचा दिसत होता हे मायक्रोसॉफ्टने स्वतः मान्य केले. असे प्रकरण असेल तर तोच केबी क्रमांक शोधून कंपनीने त्याबद्दल काही जाहीर केले आहे का ते पाहावे आणि दोन-चार आठवडे वाट पाहावी. सब्र ही इथे खरोखर तांत्रिक सूचना आहे.

आणि काही संगणकांवर अपडेट अडत नाही, ते येणेच थांबलेले असते. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरासाठी सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने केली. मायक्रोसॉफ्ट खाते जोडून सेटिंग्ज त्यात साठवायला परवानगी दिली तर ती फुकट आहे, नाहीतर ३० डॉलर. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची, २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. विंडोज ११ ला मात्र ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. २०१५-१६ च्या संगणकात हे बसत नाही. आडवाटेने ते बसवून देणारे लोक भेटतील, पण त्यावर पुढची अपडेट येतील याची हमी कुणी देत नाही. अशा जुन्या पण धडधाकट संगणकावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली चांगली चालते. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. त्यावर इनपेज सरळ चालत नाही, पण लिबरऑफिसमध्ये नस्तालीक फॉन्ट घालून उर्दू उत्तम लिहिता येते.

दुकानातून जुना संगणक घेताना 'विंडोज टाकून देतो' असे सांगतात. ते बहुधा चोरीचे असते, आणि ते चालू राहावे म्हणून टाकलेला प्रोग्राम कित्येकदा अपडेटची सेवाच बंद करून ठेवतो. ०एक्स८००७०४२२ हा क्रमांक सेवा बंद असल्याचाच आहे. शरीअतच्या दृष्टीने याचे काय, हे उलेमांना विचारावे. आमचे मत एवढेच की दुसऱ्याच्या मेहनतीचे न विचारता घेतलेले आपल्या मुलांच्या तालीमसाठी वापरायला मन धजत नाही, विशेषतः लिनक्स फुकट आणि हलाल समोर असताना.

दुकानात न्यावेच लागले तर

हार्ड डिस्कमध्ये घरातल्या बायकामुलींचे फोटो असतात. अलमारी आपण किल्लीसकट कुणाच्या दुकानात ठेवत नाही, पण संगणक पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठीसकट ठेवून येतो. शक्य असेल तर कारागिराला घरी बोलवा आणि घरातले कुणी शेजारी बसा. न्यावाच लागला तर फोटो उतरवून घेऊन संगणकावरून काढून टाका. त्याला वहीतले दोन क्रमांक दाखवा आणि विचारा, फायली आणि प्रोग्राम ठेवून विंडोज वरून पुन्हा बसवता येईल का? इंग्रजीत याला 'इन-प्लेस अपग्रेड' म्हणतात, जाणकाराला लगेच कळते. तो लगेच फॉरमॅटवरच आला तर दुसरे दुकान पाहा.

पडद्यावर अचानक मोठा आवाज करत 'तुमच्या विंडोजची मुदत संपली, या नंबरवर फोन करा' असे आले तर फोन करू नका. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखे काही टाकायला सांगतो आणि बँकेचे खाते रिकामे होते. असे घडलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि बँकेलाही फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

हे काम घरात कुणाकडे द्यायचे? आमचा कौल मुलींकडे. त्या चिठ्ठी लिहून ठेवतात, पायरी गाळत नाहीत आणि न वाचता 'ओके' दाबत नाहीत, निदान आमच्या वर्गात तरी असेच दिसते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या जुम्म्याला, दुपारच्या जेवणानंतर, तिने अपडेट हिस्ट्री उघडून पाहावी, काही 'फेल्ड' दिसले तर तारीख आणि क्रमांक वहीत मांडावा आणि नव्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. वही संगणकाशेजारीच राहू द्या, ४८ आकड्यांची किल्ली मात्र तिच्यात लिहू नका.